खुणा थांबल्या म्हणजे नकार समजायचा का?

ताई, नमस्कार.

माझं वय ५१. हे जाऊन सोळा महिने झाले. चोवीस वर्षं मी एका कार्यालयात हिशेब विभागात होते, गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. जुने कागद, हस्तलिखितं, नकाशे यांचं जतन कसं करायचं हे शिकवणारा दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम आहे. त्याला मला प्रवेश मिळालाय. पण तो दुसऱ्या शहरात आहे, आणि महिनाअखेरपर्यंत कळवायचंय.

प्रवेशाचं पत्र आलं त्या दुपारी मी ह्यांचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ सहज हातात घेतलं आणि ते चालू झालं. त्यानंतर त्या शहराचं नाव जिथे तिथे दिसायला लागलं. ट्रकच्या पाठीवर, शब्दकोड्यात, बसमध्ये शेजारी बसलेल्या मुलीच्या फाइलवर. मग एक दिवस ह्यांनी अर्धवट वाचून ठेवलेल्या पुस्तकातून चिठ्ठी पडली. ह्यांचंच अक्षर. 'इथून पुढे' एवढंच. मी तिथेच खाली बसून रडले, पण खूप महिन्यांनी बरं वाटून रडले. जायचं हे मी ठरवूनच टाकलं होतं.

आता दहा-बारा दिवस झाले, काहीच नाही. घड्याळही पुन्हा बंद पडलंय. रोज सकाळी उठून मी वाट बघते. नणंद म्हणते, 'वहिनी, दादाने एवढं स्पष्ट सांगितलंय, तू जा.' मुलगा म्हणतो, 'आई, तू पळून चालली आहेस.' खुणा थांबल्या म्हणजे नकार समजायचा का? की हे सगळंच वेडेपणाचं आहे?

– क.

---

प्रिय क.,

वेडेपणाचं मुळीच नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांतपणे वाचाल. वेल्समधल्या ड्यूई रीस नावाच्या एका डॉक्टरांनी जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्री-पुरुषांना विचारलं होतं, की गेलेलं माणूस जवळ असल्यासारखं तुम्हाला कधी वाटतं का? त्यांचे निष्कर्ष १९७१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. जवळपास निम्म्या लोकांनी हो म्हटलं. कुणाला नुसती चाहूल लागायची, कुणाला आवाज यायचा, कुणी बोलायचंसुद्धा. बहुतेकांनी हे तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आणि बहुतेकांना त्याचा आधारच वाटत होता. तेव्हा तुम्ही चांगल्या मोठ्या घोळक्यात आहात. फक्त त्या घोळक्यात कुणी कुणाशी बोलत नाही.

आता तुमच्या तिन्ही खुणा बघू. मला त्या एका जातीच्या वाटत नाहीत.

घड्याळाचं आधी. चावीचं घड्याळ बंद पडतं ते दर वेळी आत काही तुटतं म्हणून नाही. अनेकदा आतलं वंगण घट्ट झालेलं असतं, कुठेतरी धूळ अडकलेली असते, आणि स्प्रिंगमध्ये मात्र थोडा ताण शिल्लक असतो. ते उचललं, तळव्याची ऊब लागली, जरा हललं, की वंगण सैल होतं आणि चक्रं फिरायला लागतात. १९७०च्या दशकात, आपल्यात अद्भुत मानसिक शक्ती असल्याचा दावा करणारा युरी गेलर टीव्हीवरून प्रेक्षकांना आपापली बंद घड्याळं हातात धरायला सांगायचा, आणि घरोघरी ती चालू व्हायची. लोक थक्क. न्यूझीलंडमधल्या डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन या मानसशास्त्रज्ञांनी मग साधी गोष्ट केली. त्यांनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांना सांगितलं, की दुरुस्तीला आलेलं बंद घड्याळ उघडण्याआधी नुसतं हातात धरून, हलवून बघा. अर्ध्याहून जास्त घड्याळं तेवढ्यानेच चालू झाली.

म्हणजे तुमचं घड्याळ ज्या कारणाने चालू झालं, त्याच्याच उलट कारणाने बंद पडलं. ऊब गेली, किंवा उरलेला ताण संपला. तुम्ही आता त्याच्या थांबण्यात नकार शोधताय, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. एरवी मी या फंदात पडले नसते. सुरू होण्यातला होकार तुम्हाला सुख देत होता, तर देऊ दे की. पण तेच घड्याळ आता तुमच्या पुढच्या दोन वर्षांवर न्यायाधीश होऊन बसणार असेल, तर त्याच्या आत काय असतं हे माहीत असलेलं बरं.

आणि तरीही त्या दुपारी काहीतरी घडलं, हे मला मान्य आहे. फक्त ते घड्याळात घडलं नाही. तुम्ही लिहिता, 'सहज हातात घेतलं'. मला नाही वाटत ते सहज होतं. सोळा महिने घड्याळ तिथेच पडून होतं. पत्र फोडलं, वाचलं, आणि हात त्याच्याकडे गेला. चांगली बातमी आली की पहिल्यांदा ज्यांना सांगायची, त्यांच्याकडे तुम्ही वळलात. बातमी चांगली आहे हे तुमच्या हाताला तुमच्याआधी कळलं होतं. घड्याळ चालू झालं नसतं तरी ही गोष्ट खरीच राहिली असती, आणि आता ते बंद पडलं म्हणून खोटी होत नाही.

शहराच्या नावाचं फार मनावर घेऊ नका. नवीन कळलेला शब्द अचानक सगळीकडे दिसायला लागणं हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे, की अर्नॉल्ड झ्विकी या भाषाशास्त्रज्ञांनी २००५ साली त्याला वारंवारतेचा भ्रम असं नाव दिलं. मन एखाद्या गोष्टीवर टपून बसलं की ती वेचून काढतं, आणि मग प्रत्येक नवी वेच 'बघा, सगळीकडे आहे' याचा पुरावा होते. ते ट्रक आधीही जातच होते. दुसऱ्या गावांची नावं लिहिलेले किती गेले, ते तुम्ही मोजलं नाहीत. कुणीच मोजत नाही.

पण चिठ्ठी. ती मी वंगण आणि भ्रम म्हणून निकालात काढणार नाही, कारण त्या चिठ्ठीत एक माणूस खरोखर आहे. त्यांनी ती स्वतःच्या हाताने लिहिली. तुमच्यासाठी नाही, स्वतःसाठी, उद्या पुस्तक पुन्हा उघडल्यावर पान सापडावं म्हणून. नुसता कागद खोचला असता तरी चाललं असतं. पण दोन शब्द लिहून ठेवायचे, म्हणजे पुस्तक मिटतानाही पुढच्या वाचनाची तजवीज करायची, हा त्यांचा स्वभाव झाला. तुम्ही रडलात ते त्या दोन शब्दांवर, की तो स्वभाव पुन्हा भेटला म्हणून? मला दुसरं जास्त खरं वाटतं. तुमचे यजमान ती चिठ्ठी तुम्हाला उद्देशून लिहीत नव्हते, हे तुम्हालाही माहीत आहे. तरी तिला तुम्ही जो अर्थ दिलात तो खोटा होत नाही. तो तुमचा आहे, एवढंच. आणि तो तुम्ही हवेतून काढला नाही. ज्या माणसाला तुम्ही इतकी वर्षं आतून-बाहेरून ओळखत होतात, त्याच्या अक्षरावरून काढलात.

हेही बघा, की तीच चिठ्ठी दुसऱ्या कुणाला 'इथेच राहा, इथून पुढे चालू ठेव' अशी वाचता आली असती. शब्दांत दोन्हींना जागा आहे. तुम्हाला ती एकाच बाजूने वाचावीशी वाटली, आणि वाचून हायसं वाटलं. कुणी जर मला विचारलं, की क. यांच्या मनात काय आहे, तर मी घड्याळ बाजूला ठेवीन आणि त्या हायसं वाटण्याकडे बोट दाखवीन.

आता गप्प झालेल्या खुणांकडे येते. खरा प्रश्न तुम्ही हाच विचारलाय.

ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की हे मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिले होते. तिथले लोक दोन ठिकाणी मासे धरायचे. बेटाला लागून असलेल्या शांत, उथळ पाण्यात, आणि बाहेर खुल्या समुद्रात. उथळ पाण्यात मासे हमखास मिळायचे, धोकाही नव्हता, आणि तिथे मंत्र-तोडगे काहीही नसायचे. खुल्या समुद्रात जिवाचीही शाश्वती नाही आणि माशांचीही नाही. तिथे जाताना मात्र सगळे विधी यथासांग. माणसं तीच. बदलत होतं ते पायाखालचं पाणी.

पुढे २००८ साली जेनिफर व्हिटसन आणि ॲडम गॅलिन्स्की यांनी सायन्स या नियतकालिकात काही प्रयोग मांडले. परिस्थिती हाताबाहेर गेल्याची भावना ज्यांच्यात जागी केली होती, त्यांना नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळातही चित्रं दिसत होती, जी तिथे नव्हतीच. आणि स्वतःला काय मोलाचं वाटतं याचा त्यांना विचार करायला लावला, की ती दिसेनाशी व्हायची. नंतर हे प्रयोग करून बघणाऱ्या सगळ्यांना तेवढा परिणाम मिळाला नाही, त्यामुळे त्यावर इमले बांधायला मी सांगणार नाही. पण मालिनोव्स्कींनी बेटावर जे पाहिलं त्याच्याशी हे जुळतं, आणि मला येणाऱ्या पत्रांशीही. नोकरी सुटलेली, घर मोडलेलं, माणूस गेलेलं, आजाराचं निदान होऊन उपचार ठरायचे राहिलेले. खुणांबद्दल लिहिणारे बहुतेक जण अशाच कुठल्यातरी मधल्या जागेत उभे असतात. ज्यांचं सगळं मार्गी लागलेलं आहे ते मला खुणांबद्दल लिहीत नाहीत. (ते शेजाऱ्यांबद्दल लिहितात.)

मग खुणा कमी झाल्या याचा अर्थ काय लावायचा? तुम्ही म्हणता नकार. माझा अंदाज उलटा आहे. तुम्ही स्वतःच लिहिलंय, 'जायचं हे मी ठरवूनच टाकलं होतं'. चिठ्ठी सापडली, ठरलं, आणि त्यानंतर खुणा थांबल्या. ठरल्यावर पायाखाली जमीन आली असेल, आणि तुमची नजर चारी बाजूंना काही शोधायची थांबली असेल. दहा-बारा दिवस काही दिसलं नाही, ते तुम्ही बऱ्या होत असल्याचं लक्षणही असू शकतं. त्याचा धसका घेऊन तुम्ही पुन्हा रोज सकाळी पहाऱ्याला बसलात, आणि अशा पहाऱ्यात कधी काही सापडत नाही. सोबत म्हणून आलेल्या गोष्टींना तुम्ही परीक्षक करून टाकलंत.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी तुमच्या नजरेतून सुटली असावी. घड्याळ चालू झालं ते प्रवेशाचं पत्र आल्यावर. म्हणजे अर्ज त्याच्या कितीतरी आधी गेला होता. तो भरताना कुठली खूण होती? तो अभ्यासक्रम शोधायचा, माहिती मागवायची, ५१व्या वर्षी पुन्हा गुणपत्रिका धुंडाळायच्या, 'मला हे का शिकायचं आहे' या रकान्यात काहीतरी लिहायचं. हे सगळं तुम्ही कुठल्याही ट्रकने नाव न दाखवता केलंत. खुणा नंतर आल्या. आधी तुम्ही निघाला होतात.

त्या रकान्यात काय लिहिलं होतं? अर्जाची प्रत असेल तर काढून वाचा. मला पाठवलेल्या पत्रात अभ्यासक्रमाबद्दल जेमतेम एक-दोन वाक्यं आहेत आणि खुणांबद्दल दोन परिच्छेद. अर्जात हे प्रमाण उलटं असणार.

म्हणून मला वाटतं, खुणांकडून तुम्ही रस्ता विचारतच नव्हता. तुम्ही परवानगी मागत होता. आणि ती देणारा माणूस नाही, म्हणून त्याच्या वस्तूंकडे मागत होता.

यात लाजण्यासारखं काही नाही. आर्नोल्ड व्हान खेनेप यांनी १९०९ साली माणसाच्या आयुष्यातल्या संक्रमणांचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यांना निरनिराळ्या समाजांमध्ये तीन टप्पे सारखे दिसले. जुन्यापासून वेगळं होणं, मग उंबरठ्यावरचा काळ, मग नव्यात सामावून जाणं. तो मधला काळ एकट्याने काढायचा नसे. आता मागे वळू नकोस, आता पुढे ये, हे सांगायला चार जाणती माणसं असायची. तुमच्या-माझ्या वाट्याला येणाऱ्या संक्रमणांत ते सांगणारं फारसं कुणी उरलेलं नाही. सोळा महिने झाले, आता तू स्वतःसाठी काही शिकायला जाऊ शकतेस, हे कुणी म्हणायचं? नणंदेने म्हटलं, पण तेही भावाच्या नावाने. मुलाने तर उलटच म्हटलं. मग राहिलं घड्याळ.

पण परवानगीच हवी असेल, तर त्यासाठी तुमच्याकडे घड्याळापेक्षा जास्त भरवशाचा साक्षीदार आहे, तो म्हणजे इतक्या वर्षांची तुमची स्वतःची आठवण. तुम्हाला एखादी गोष्ट मनापासून करावीशी वाटली तेव्हा ते काय म्हणायचे? कुरकुर करून शेवटी सोडायला यायचे? की काळजीपोटी अडवायचे? उत्तर काहीही असू शकतं, मी त्यांना ओळखत नव्हते. अडवणारे असतील तरी हरकत नाही. तेव्हा त्यांच्याशी वाद घालून तुम्ही स्वतःचं खरं केलंच असेल कधीतरी, आताही मनातल्या मनात घाला. गेलेल्या माणसाशी बोलणं थांबवलंच पाहिजे, असं शोकाचा अभ्यास करणारेही आता म्हणत नाहीत. नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, हा विचार १९९०च्या दशकापासून चांगला रुजलाय. फक्त त्यांच्या बाजूची वाक्यं ओळखीतून येऊ द्यात, शब्दकोड्यातून नकोत.

एक सावधगिरी, थोडक्यात. खुणा दिलासा देतात तोवर ठीक. त्या हुकूम सोडायला लागल्या, त्यांच्यापायी झोप किंवा जेवण सुटलं, टीव्हीवरचा निवेदक आपल्यालाच काही सुचवतोय असं वाटायला लागलं, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटायचं, आणि लगेच. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही. 'रोज सकाळी वाट बघते' हे एकच वाक्य जरा टोचलं. ती सकाळची वाट बघणं आठवडाभर मुद्दाम बंद ठेवून बघा. बंद ठेवता आलं नाही, तर कुणा समुपदेशकाशी बोलून घ्या.

आता जायचं की नाही. खुणा काढून टाकल्या की जे उरतं ते रुक्ष असतं, पण उत्तर तिथेच मिळेल. साठवलेल्या पैशांत दोन वर्षं निघतात का. घर विकायचा विषय सध्या काढायचाच नाही, नुसतं बंद ठेवायचं किंवा भाड्याने द्यायचं, यातलं काय झेपेल. आजारी पडलात तर तिथे कुणाला फोन कराल. डोळे आणि बोटं बारीक कामाला साथ देतील का. फाटलेल्या कागदाला मागून पातळ कागद जोडत तासन् तास बसायचं असतं, तेव्हा चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या. आणि संस्थेला सरळ एक पत्र टाका, की प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का. ढकलता येत असेल, तर महिनाअखेरचं ओझं निम्मं झालं. येत नसेल, तर निदान हे कळेल की आत्ताच ठरवायचं आहे. शक्य असेल तर त्याआधी तीन-चार दिवस त्या शहरात जाऊन राहा, वर्ग सुरू असताना मागे बसायला मिळतं का विचारा, संध्याकाळी एकटीने खोलीवर परत या, आणि तेव्हा कसं वाटतं ते बघा. तुम्हाला ती संध्याकाळ जास्त कठीण जाणार आहे. दिवसा काम असेल.

माझं मत विचाराल, तर जा. तुम्ही विचारलेलं नाही, पण सदर माझं आहे.

मुलाचं मात्र सोपं नाही. 'पळून चालली आहेस' हे वाक्य कठोर आहे, आणि मला त्यात रागापेक्षा भीती जास्त ऐकू येते. त्याचे वडील गेले, आता आई घर बंद करून निघाली. त्याचं लहानपण ज्या दाराआड आहे त्याला कुलूप लागणार. शिवाय कदाचित तुम्ही त्याला घड्याळाची आणि चिठ्ठीची हकिकत सांगितली असेल, आणि ती ऐकून आईचं काही खरं नाही असं त्याने मनात घेतलं असेल. तसं असेल तर त्याचा विरोध शिकण्याला नाही. आई कशावरून ठरवते आहे, त्याला आहे. त्याच्यापुढे अर्ज ठेवा, हिशेबाचा कागद ठेवा. चोवीस वर्षं हिशेब सांभाळलेल्या बाईचा कागद आहे, त्याला चुका काढता येणार नाहीत. पळणं आणि निघणं यात फरक कसा करायचा, हे त्याला समजावत बसू नका. त्याऐवजी विचारा, बाबांची कुठली वस्तू तुझ्याकडे ठेवायची आहे? आणि पहिल्या सुट्टीत मी इकडे यायचं, की तू तिकडे येशील?

तुमची,
ताई